चालकाचा दोष की यंत्राचा? : शेतीतील क्वॉड बाईकचे अपघात आणि सुरक्षाविचाराचा इतिहास (१९७०-२०२१)

प्रस्तावना

औद्योगिक अपघातांचा इतिहास बहुधा गिरणी, खाण आणि लोहमार्ग यांच्याभोवती लिहिला गेला आहे. तेथे मालक आणि मजूर असा स्पष्ट भेद होता, निरीक्षक होते, अपघाताची नोंद ठेवण्याचे बंधन होते. साहजिकच अभ्यासकाला कागदपत्रेही उपलब्ध होतात. शेताची गोष्ट निराळी आहे. शेतकरी हाच मालक, तोच मजूर आणि पुष्कळदा त्याचे घर हेच त्याच्या कामाचे ठिकाण. त्यामुळे बांधावर किंवा डोंगरउतारावर झालेला मृत्यू 'कामावरचा मृत्यू' मानावयाचा की 'घरचा अपघात', हे ठरविणेच अवघड होऊन बसते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत शेतीत शिरलेल्या एका छोट्या वाहनाने ही अडचण ठळकपणे पुढे आणली. रुंद व मऊ टायरांची, रस्ता सोडून कोठेही जाणारी आणि मोटारसायकलप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावयाची ही चारचाकी गाडी होय. अमेरिकेत तिला 'ऑल टेरेन व्हेईकल' किंवा 'एटीव्ही' म्हणतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तिचे नाव 'क्वॉड बाईक' असे आहे. आपल्याकडे ती समुद्रकिनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फेरी मारून आणणारी गाडी म्हणून परिचित आहे. तिच्यावर माणसे पोटासाठी काम करतात आणि ते करताना मरतात, ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखात या वाहनाच्या अपघातांविषयी पन्नास वर्षे चाललेल्या वादाचा मागोवा घेतला आहे. या वादाचे स्वरूप वरवर तांत्रिक दिसते. परंतु त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता : गाडी उलटून माणूस तिच्याखाली सापडला तर चुकले कोणाचे? चालविणाऱ्याचे, की ज्याने ती गाडी तशी घडविली त्याचे? या प्रश्नाचे उत्तर ट्रॅक्टरच्या बाबतीत १९५९ मध्येच एका देशाने दिलेले होते. असे असूनही क्वॉड बाईकच्या बाबतीत ते मान्य होण्यास २०१९ साल का उजाडावे लागले, याचा शोध घेणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

खेळणे आणि अवजार

शेतीसाठी रस्त्याबाहेरचे वाहन ही कल्पना क्वॉड बाईकपेक्षा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली जीप १९४५ मध्ये नागरी रूपात बाजारात आली, तेव्हा तिची जाहिरात मुख्यत्वे शेतकऱ्यांसाठी होती. तिच्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये १९४८ साली लँड रोव्हर आली. तिचाही हेतू आरंभी शेतीकामाचाच होता. मुंबईत १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही गाडी महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचा, विशेषतः साखर कारखाने व सहकारी राजकारण यांचा अविभाज्य भाग बनली. तथापि या सर्व गाड्या आकाराने मोठ्या होत्या. त्या चालविणारा माणूस गाडीच्या आत बसत असे.

क्वॉडची वंशावळ वेगळ्या घराण्यातून येते. हिवाळ्यात अमेरिकेत मोटारसायकलींचा खप मंदावत असे. त्या दिवसांत विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी विक्रेत्यांनी होंडा कंपनीकडे केली आणि तीतून १९७० मध्ये 'यूएस ९०' ही तीनचाकी गाडी जन्माला आली. तिला धड निलंबनव्यवस्था, म्हणजे सस्पेन्शन, नव्हते; फुग्यासारखे मोठे टायर हेच धक्के शोषून घेत. बर्फ, वाळू आणि चिखल यांवर मौजेने हिंडणे एवढाच तिचा उपयोग अपेक्षित होता. १९७१ च्या एका जेम्स बाँडपटात ती झळकली, यावरूनही तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते ते लक्षात येते.

शेतकऱ्याने मात्र तिच्यात दुसरेच काही पाहिले. घोडा जेथे जातो तेथे ही गाडी जाते, तिला चारापाणी लागत नाही आणि ती ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ही मागणी ओळखून १९८२ मध्ये होंडाने सामान ठेवण्याचे रॅक असलेली, कामासाठी योजलेली तीनचाकी आणली. त्याच सुमारास सुझुकीने 'क्वॉडरनर' ही चारचाकी बाजारात आणली व १९८४ मध्ये होंडाचीही चारचाकी आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. गाडीच्या पाठीवर रॅक आला, मागे गाडा ओढण्यासाठी आकडा आला, फवारणीची टाकी आली. परंतु मूळ सांगाडा मौजेच्या गाडीचाच राहिला. खेळण्याला अवजाराचे काम लागले, अवजाराची रचना मात्र त्याला मिळाली नाही.

उलटण्याची कारणमीमांसा

क्वॉड बाईक का उलटते हे समजल्यावाचून पुढील वाद समजणार नाही. तिचे वजन साधारणतः अडीचशे ते तीनशे किलो असते आणि रुंदी बेताचीच. चालक उंच बसतो, त्यामुळे गाडी आणि माणूस मिळून जो गुरुत्वमध्य तयार होतो तो जमिनीपासून बराच वर असतो. अनेक कामाच्या गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरणाऱ्या अखंड आसाला जोडलेली असत. मोटारीत वळताना आतले चाक हळू व बाहेरचे वेगाने फिरावे म्हणून डिफरन्शियल असतो. येथे तो नसल्याने गाडी सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचे तर चालकाने आपले अंग एका बाजूला झोकून आतल्या चाकावरचा भार कमी करावयाचा. उतारावर आडवे जाताना डोंगराकडे झुकावयाचे, चढताना पुढे, उतरताना मागे. उत्पादकांनी या कौशल्याला 'सक्रिय चालन' असे नाव दिले. गाडीचे लांब आसनही त्यासाठीच, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की तेच लांब आसन पाहून कोणालाही मागे दुसरा माणूस बसवावासा वाटतो, आणि दुसरा माणूस बसला की झुकण्याला जागा उरत नाही. गाडीवर 'प्रवासी बसवू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. आसन मात्र बसण्याचे निमंत्रण देत असे.

आता या गाडीवर शेतकरी काय करतो ते पाहावे. तण मारण्यासाठी तो मागच्या रॅकवर औषधाची टाकी बांधतो. टाकी अर्धी रिकामी झाली की आतले पाणी उताराच्या बाजूला धावते व गाडीचा तोल नेमक्या नको त्या क्षणी बिघडवते. मेंढ्यांचा कळप वळवीत असताना त्याची नजर जमिनीवर नसून जनावरांवर असते. गवतात दडलेला दगड किंवा खड्डा चाकाखाली येतो. तीनशे किलोची गाडी बाजूला कलंडण्यास सेकंदभरही पुरतो.

मृत्यूची कारणे तपासली असता मौजेसाठी चालविणारे आणि कामासाठी चालविणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळतो. मौजेच्या अपघातांत वेग जास्त असतो, झाडाशी वा दुसऱ्या गाडीशी टक्कर होते, डोक्याला मार लागतो. शेतावरचा अपघात पुष्कळदा कमी वेगात घडतो. ऑस्ट्रेलियातील कॉरोनरांच्या नोंदींवरून न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की शेतीकामात मेलेल्यांपैकी बहुतेक जण गाडीखाली दबलेल्या स्थितीत सापडले होते आणि त्यांतील मोठ्या संख्येच्या लोकांचा मृत्यू छातीवर भार येऊन श्वास कोंडल्याने झाला होता. हाडे मोडलेली नसत, रक्त फारसे गेलेले नसे. कोणी वेळेवर येऊन गाडी उचलली असती तर माणूस वाचला असता. परंतु शेतकरी एकटा कामाला गेलेला असे आणि घरच्यांना शंका येई ती जेवणाची वेळ टळून गेल्यावर. या मृतांत साठीच्या पुढचे शेतकरी बरेच होते. आयुष्यभर जमीन कसलेल्या या माणसांना 'अननुभवी' म्हणता येणे कठीण होते. ही एक गोष्टच चालकाच्या दोषाची उपपत्ती लंगडी करण्यास पुरेशी होती, असे म्हणता येईल.

ट्रॅक्टरचा पूर्वानुभव

उलटणाऱ्या यंत्राखाली माणूस चिरडला जातो ही समस्या शेतीला नवी नव्हती. ट्रॅक्टरने ती अगोदरच उभी केली होती. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट बसविण्याची सक्ती केली. ट्रॅक्टर उलटला तरी चौकट जमिनीवर टेकते आणि चालकासाठी पोकळी शिल्लक राहते, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही हा नियम लागू झाला आणि तीन दशकांत त्या देशात ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. स्वीडिश शेतकरी या काळात अधिक सावध किंवा अधिक कुशल झाला असे कोणी म्हटले नाही. ट्रॅक्टर उलटतच राहिले. माणसे मरावयाची थांबली.

अमेरिकेत याच सुधारणेचा मार्ग खडतर ठरला. व्यवसायसुरक्षा प्रशासनाने, म्हणजे 'ओशा'ने, २५ ऑक्टोबर १९७६ नंतर तयार झालेल्या व नोकरांकडून चालविल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरना चौकट आवश्यक केली. परंतु त्याच वर्षापासून अमेरिकी संसदेने अर्थसंकल्पात एक अट घातली की दहा किंवा त्यांहून कमी नोकर असलेल्या शेतांवर या प्रशासनाने आपल्या नियमांची अंमलबजावणी करण्यास पैसा खर्च करू नये. कुटुंबाच्या बळावर चालणारी बहुसंख्य शेते अशा रीतीने निरीक्षकाच्या नजरेबाहेर गेली. क्वॉड बाईक नेमकी याच शेतांवर येऊन पोहोचली.

भारतीय संदर्भही येथे नोंदविण्याजोगा आहे. हरितक्रांतीनंतर मळणीयंत्रात हात सापडून तुटण्याचे प्रकार वाढले, तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. 'शेतकऱ्याने सावध राहावे' एवढ्यावर न थांबता या कायद्याने यंत्राच्या रचनेचे दायित्व उत्पादक आणि विक्रेते यांच्याकडे नेले व त्यांना परवान्याचे बंधन घातले. अंमलबजावणीचा भाग वेगळा. तत्त्व म्हणून ते पुढारलेले होते. ट्रॅक्टर उलटण्याच्या बाबतीत तशी तत्परता आपल्याकडे दिसली नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातील 'कामातून व काम चालू असताना' ही कसोटी मालक असलेल्या ठिकाणीच उपयोगी पडे. स्वतःच्या रानात ट्रॅक्टरखाली गेलेल्या शेतकऱ्याला मालक नव्हता. महाराष्ट्र शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने सुरू केलेल्या अपघात विमा योजनेत अशा मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये देण्याची तरतूद झाली, ती ही उणीव अंशतः भरून काढणारी होती. अर्थात तिचा संबंध मृत्यूनंतरच्या गोष्टींशी आहे.

अमेरिका : ग्राहकाची वस्तू

एटीव्हीच्या अपघातांची पहिली मोठी सरकारी दखल अमेरिकेत घेतली गेली, आणि ती घेणारी संस्था होती ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग. हा तपशील किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी होते. हा आयोग ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूंचा विचार करतो. कामाची जागा त्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासमोर आलेल्या प्रकरणांत मुलांचे मृत्यू मोठ्या संख्येने होते व समाजाचा क्षोभही त्यावरच होता. रानात एकटा मेलेला पशुपालक या चित्रात कोठेच नव्हता.

आयोगाने १९८५ मध्ये चौकशी हाती घेतली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने पाच प्रमुख वितरक कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला आणि एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने संमतीचा अंतिम हुकूमनामा मंजूर केला. त्यानुसार नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. विक्रेत्यांकडे पडून असलेल्या तीनचाकी कंपन्यांनी परत घ्याव्यात, खरेदीदाराला मोफत प्रशिक्षण द्यावे, सोळा वर्षांखालील मुलांसाठी मोठ्या गाड्या विकू नयेत, इशारे ठळक छापावेत, अशा अटी दहा वर्षांसाठी घालण्यात आल्या. तीनचाकी बंद होणे हा यंत्ररचनेबाबतचा निर्णय होता हे खरे. परंतु ग्राहकांच्या घरी असलेल्या तीनचाकी परत घेण्याची सक्ती झाली नाही, आणि चारचाकीच्या रचनेला कोणी हात लावला नाही. उरलेला सर्व भर प्रशिक्षण, वय आणि इशारा यांवर, म्हणजेच चालकावर राहिला. तीनचाकी गेली व तिच्याबरोबर धोकाही गेला, असा एक समज यातून पसरला. तो चारचाकीला फार सोयीचा ठरला. हुकूमनाम्याची मुदत १९९८ मध्ये संपली. त्यानंतर २००८ च्या कायद्याने उद्योगाचे ऐच्छिक मानक सक्तीचे झाले. उलटल्यानंतर माणसाचे संरक्षण कसे करावे, याबाबत त्या मानकातही काही नव्हते.

कामावरच्या मृत्यूंचे चित्र पुढे अमेरिकी व्यवसायसुरक्षा संशोधन संस्थेच्या, 'नायॉश'च्या, अभ्यासांतून स्पष्ट झाले. नोकरीवर असताना एटीव्हीमुळे झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी सुमारे तीन शेतीक्षेत्रातील होते.

दरम्यान एक वेगळे वाहन विकसित होत होते. १९८८ मध्ये कावासाकीने 'म्यूल' आणि नव्वदीच्या आरंभी जॉन डिअरने 'गेटर' ही शेजारी-शेजारी बसावयाची, सुकाणूचक्र असलेली छोटी मालवाहू गाडी आणली. तिला 'साइड-बाय-साइड' म्हणतात. यातील पुढील पिढीच्या गाड्यांना डोक्यावर संरक्षक पिंजरा आणि सुरक्षापट्टा आला. ट्रॅक्टरचा धडा येथे गिरविला गेला होता. तरीही पिंजरा म्हणजे अभय नव्हे, हे यामाहाच्या 'ऱ्हायनो' या गाडीने दाखवून दिले. २००३ च्या सुमारास आलेल्या या गाडीच्या काही प्रतिकृती सपाट जमिनीवर कमी वेगात वळतानाही उलटत. सावरण्यासाठी बाहेर काढलेला पाय किंवा हात पिंजऱ्याखाली येई. ग्राहक आयोगाने पन्नासांहून अधिक घटना तपासल्या, त्यांत ४६ मृत्यू होते. मार्च २००९ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर केला : मागची चाके थोडी बाहेर सरकविणे, मागील बाजूचा स्थिरकदांडा काढणे आणि अर्धे दरवाजे बसविणे. या काळात कंपनीविरुद्ध शेकडो दावे अमेरिकी न्यायालयांत चालू होते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

टास्मान समुद्राच्या दोन्ही काठांवर

क्वॉड बाईक खऱ्या अर्थाने शेतीचे अवजार बनली ती न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात. न्यूझीलंडमध्ये १९८४ नंतर सरकारने शेतीवरील अनुदाने झपाट्याने काढून घेतली. डोंगराळ भागातील मेंढपाळ शेतकऱ्याला गडी ठेवणे परवडेनासे झाले. ज्या कामाला पूर्वी दोन माणसे व घोडे लागत ते काम एक माणूस, एक क्वॉड आणि रॅकवर बसलेला कुत्रा करू लागला. एकट्याने काम करणे आणि एकट्याने मरणे यांचा संबंध या आर्थिक बदलाशी आहे. तो केवळ चालविण्याच्या सवयीशी जोडणे अपुरे ठरते. २०१० मध्ये तेथील श्रम विभागाने अपघातविरोधी मोहीम सुरू केली, तेव्हा शेतांवर वर्षाला सरासरी पाच मृत्यू व सुमारे साडेआठशे जखमी असा हिशेब पुढे ठेवण्यात आला. मोहिमेचा भर हेल्मेट, प्रशिक्षण, गाडीची योग्य निवड आणि मुलांना दूर ठेवणे यांवर होता. हेल्मेट आवश्यकच आहे. पण छातीवर आलेल्या तीनशे किलोंपुढे त्याचे काही चालत नाही.

न्यूझीलंडचा आणखी एक विशेष आहे. १९७४ पासून तेथे दोष न शोधता भरपाई देणारी अपघातव्यवस्था अस्तित्वात आहे. जखमीला उपचार व वेतनाचा मोठा हिस्सा मिळतो, मात्र शारीरिक इजेबद्दल भरपाईचा दावा लावण्याचा हक्क त्याच्याकडे राहत नाही. मानवी दृष्टीने ही व्यवस्था अत्यंत उदार आहे. तथापि तिच्यामुळे उत्पादकाला न्यायालयात खेचण्याचे जे दडपण अमेरिकेत होते ते येथे निर्माण झाले नाही. भरपाईचा प्रश्न सुटला म्हणून कारणाचा प्रश्न मागे पडला, असे या बाबतीत दिसते. भरपाई देणाऱ्या त्याच महामंडळाने २०१९ मध्ये संरक्षक कमानीच्या खरेदीस अर्थसाहाय्य सुरू केले, हेही नमूद केले पाहिजे.

ही संरक्षक कमान म्हणजे काय? क्वॉडच्या मागील बाजूस उभी केलेली, उलटल्यावर गाडी अधांतरी धरून ठेवणारी एक चौकट. क्वीन्सलँडमध्ये 'क्वॉडबार' नावाची उलट्या यू आकाराची नळी तयार झाली. न्यूझीलंडमध्ये 'लाइफगार्ड' ही लवचिक मनोऱ्यांची कमान निघाली. दोन्ही साधने छोट्या स्थानिक उद्योगांची होती, गाडीच्या उत्पादकांची नव्हेत. उत्पादकांच्या संघटनेने त्यांना कडाडून विरोध केला. कॅलिफोर्नियातील एका संशोधन कंपनीने उद्योगासाठी केलेल्या संगणकीय प्रतिरूपणांचा आधार घेऊन असे प्रतिपादन करण्यात आले की अशा कमानी जितक्या इजा टाळतील जवळजवळ तितक्याच नव्याने घडवतील : गाडीवरून फेकला गेलेला चालक कमानीखाली येईल. त्यांच्या मते उपाय हेल्मेट, प्रशिक्षण आणि सक्रिय चालन हाच होता. ट्रॅक्टरवरील चौकटीबद्दल एके काळी घेतलेल्या आक्षेपांशी या युक्तिवादाचे साम्य आहे. मात्र एक भेद मान्य केला पाहिजे. ट्रॅक्टरचालक पट्ट्याने आसनाला बांधला जाऊ शकतो, क्वॉडचालक नाही; म्हणून उद्योगाचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता. त्याचे उत्तर प्रत्यक्ष चाचण्यांनीच मिळणार होते.

त्या चाचण्या २०१२ ते २०१५ या काळात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात राफाएल ग्रेझिबिएटा व जॉर्ज रेक्निट्झर यांच्या नेतृत्वाखाली झाल्या. खर्च राज्याच्या कामगारसुरक्षा यंत्रणेने उचलला. क्वॉड व साइड-बाय-साइड गाड्या कलत्या फलाटावर ठेवून कोणत्या कोनात उलटतात हे मोजण्यात आले, वळतानाचे वर्तन तपासण्यात आले, उलटवून पाहण्यात आले. निष्कर्ष असा की गाड्यागाड्यांत स्थैर्याचा मोठा फरक आहे आणि हा फरक ग्राहकाला कोठेही सांगितला जात नाही. मोटारींप्रमाणे तारांकित गुणांकन द्यावे, असा प्रस्ताव संशोधकांनी मांडला.

कॉरोनरांसमोर

ब्रिटिश परंपरेतील कॉरोनरची संस्था मुंबईच्या वाचकाला अपरिचित नाही. १८७१ च्या कायद्याने ती तेथे होती आणि १९९९ मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियात ती आजही कार्यरत असून क्वॉडच्या इतिहासात तिची कामगिरी निर्णायक ठरली. ऑगस्ट २०१५ मध्ये क्वीन्सलँडच्या कॉरोनरने नऊ मृत्यूंची एकत्रित चौकशी पूर्ण केली. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये व २०१७ मध्ये टास्मानियात सात मृत्यूंबाबत तशाच चौकशा झाल्या. एकेका मृत्यूकडे पाहिले असता प्रत्येक ठिकाणी चालकाची काही ना काही चूक आढळतेच : उतार जास्त होता, हेल्मेट नव्हते, टाकी भरलेली होती. तेच मृत्यू शेजारी-शेजारी मांडले की चुका निरनिराळ्या आणि शेवट एकच, असे चित्र उभे राहते. एकत्रित चौकशीचे महत्त्व येथे आहे. तिन्ही राज्यांतील निवाड्यांनी गुणांकन, प्रशिक्षण, हेल्मेट व संरक्षक कमान यांविषयी शिफारशी केल्या. उद्योग आणि संशोधक या दोहोंची साक्ष उलटतपासणीसह नोंदली गेली.

राज्यांनी त्यानंतर आपापली पावले उचलली. व्हिक्टोरियाच्या सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये जाहीर केले की उलटण्याचा धोका असेल तेथे कमान बसविणे हा मालकाच्या कर्तव्याचा भाग मानला जाईल, आणि कमान बसविणाऱ्या वा क्वॉड सोडून साइड-बाय-साइड घेणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान देऊ केले. नव्वदीच्या दशकात याच राज्याने जुन्या ट्रॅक्टरांवर चौकटी बसविण्यासाठी अशीच सवलत दिली होती व ती यशस्वी झाली होती. रेक्निट्झर त्या अभ्यासातही सहभागी होते. ट्रॅक्टरचा अनुभव क्वॉडपर्यंत पोहोचला तो अशा काही मोजक्या माणसांच्या स्मरणातून.

२०१९ चे मानक आणि नंतर

राज्यांचे नियम कामाच्या जागेपुरते होते. शेतावर शनिवारी काम आणि रविवारी मौज अशी विभागणी नसते. गाडी तीच, उतार तोच, आणि चालविणाराही तोच किंवा त्याचा मुलगा. म्हणून प्रश्न अखेर केंद्रीय स्पर्धा व ग्राहक आयोगाकडे गेला. या आयोगाच्या अहवालानुसार ऑस्ट्रेलियात क्वॉडच्या अपघातामुळे दररोज सरासरी सहा जण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येत होते. २०१९ च्या फेब्रुवारीत आयोगाने अंतिम शिफारस केली आणि ऑक्टोबरमध्ये सुरक्षा मानक जारी झाले. पहिला टप्पा ११ ऑक्टोबर २०२० पासून : प्रत्येक नव्या क्वॉडवर ती किती अंशांच्या उतारावर कलंडू लागते हे सांगणारी पट्टी टांगणे व उलटण्याचा इशारा देणे. दुसरा टप्पा ११ ऑक्टोबर २०२१ पासून : सर्वसाधारण वापराच्या क्वॉडवर चालकसंरक्षक साधन असणे, आणि आडव्या उतारावर २८.८ अंशांपर्यंत व पुढे-मागे ३८.६ अंशांपर्यंत न कलंडण्याची क्षमता असणे सक्तीचे झाले.

होंडा, यामाहा आणि अन्य काही मोठ्या कंपन्यांनी या मानकाला न जुमानता नव्हे, तर त्याचे पालन करण्याऐवजी ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून आपल्या शेतीउपयोगी क्वॉड मागे घेतल्या. चीनच्या सीएफमोटो व तैवानच्या किमको या कंपन्यांनी कमानी बसवून विक्री चालू ठेवली. शेतकऱ्यांत दोन तट पडले. राष्ट्रीय शेतकरी संघटनेने मानकाला पाठिंबा दिला होता. अनेक पशुपालकांना मात्र आपल्या सवयीची गाडी हिरावून घेतली गेली असे वाटले, आणि अरुंद पायवाटांवर रुंद साइड-बाय-साइड जात नाही ही त्यांची तक्रार वस्तुस्थितीला धरून होती. एवढ्या मोठ्या कंपन्यांना नळीची एक कमान बसविण्यापेक्षा बाजार सोडणे का पत्करावेसे वाटले, याचे स्पष्टीकरण केवळ तांत्रिक असू शकत नाही. एका देशात कमान स्वीकारणे म्हणजे ती आजवर का नव्हती या प्रश्नाला अमेरिकी न्यायालयांत सामोरे जाणे, ही शक्यता त्यांच्या हिशेबात असावी असा तर्क करण्यास जागा आहे.

भारतात रस्त्याबाहेरच्या वाहनाची ओळख एका वेगळ्याच वर्गाला झाली. २००७ पासून पीथमपूर येथे सुरू झालेल्या 'बाहा एसएई इंडिया' या स्पर्धेसाठी पुण्यामुंबईसह अनेक ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी एक आसनी एटीव्ही स्वतः घडवितात. तिच्या नियमांत पोलादी पिंजरा आणि चालकाला बांधून ठेवणारे पट्टे यांच्या मोजमापांना प्राथमिक स्थान आहे. पिंजरा निकषांत बसला नाही तर गाडी मैदानावर उतरत नाही. शेतात चालणाऱ्या गाडीपेक्षा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील गाडीला संरक्षण अधिक काटेकोर असावे, हा विरोधाभास या वाहनाच्या एकूण इतिहासाशी सुसंगतच आहे.

ऑस्ट्रेलियाचे मानक नव्या आणि बाहेरून आयात केलेल्या जुन्या क्वॉडना लागू झाले. देशात आधीपासून असलेल्या गाड्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. क्वॉड नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षे सहज चालते, त्यामुळे कमान नसलेल्या असंख्य गाड्या गोठ्यांत व शेडमध्ये आजही उभ्या आहेत. विक्रीचा ओघ साइड-बाय-साइडकडे वळला आणि त्या गाड्यांच्या अपघातांत एक जुनाच प्रश्न नव्या रूपाने समोर आला. पिंजरा असूनही माणसे दगावतात, कारण पट्टा लावलेला नसतो. शेतातून जाताना दर काही मिनिटांनी फाटक उघडण्यास उतरावे लागते, आणि पट्टा लावणे-सोडणे शेतकऱ्याला जिकिरीचे वाटते. येथेही सूचनाफलक आणि प्रशिक्षण यांचा आग्रह प्रथम धरला गेला. त्यानंतर काही उत्पादकांनी आपल्या गाड्यांत अशी जोडणी दिली की चालकाचा पट्टा बसलेला नसेल तर इंजिन गाडीला ठरावीक कमी वेगापलीकडे जाऊच देत नाही.